पुड्यावरचा मोर आणि हिरवा ठिपका

आपल्या व्यापारी घराण्यांना ‘मार्का’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गुळाच्या रव्याच्या बारदानावर, मिरचीच्या पोत्यावर, तेलाच्या डब्यावर, कापडाच्या ताग्यावर मार्का असे आणि मालाची ओळख त्यावरूनच पटे. पेढीचे नाव पुष्कळांना वाचता येत नसे. पण घोडा मार्का किंवा कमळ मार्का म्हटले की देणारा आणि घेणारा या दोघांच्याही मनात एकच माल उभा राही. पत्र्यात आकृती कापायची, तो पत्रा पोत्यावर धरायचा आणि वरून शाईचा बोळा फिरवायचा, एवढीच त्याची कृती. मालक पेढीवर बसलेला असे आणि त्याचा शब्द मात्र दूरच्या पेठेत त्या शाईच्या ठशातून चाले.

या विद्येला आता महाविद्यालयात ‘व्हिज्युअल कम्युनिकेशन’ म्हणतात. मराठीत तिला दृश्यसंवाद म्हणावे. उचगावात राहणारी, माझ्या चुलत पुतण्याची मुलगी या अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षात आहे. या शिक्षणात परीक्षेच्या पेपरांपेक्षा प्रकल्पांना अधिक महत्त्व असते आणि प्रत्येक प्रकल्प झाल्यावर आपण काय केले, का केले, कोठे फसले, हे विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवायचे असते. तिने ती वही मला वाचायला दिली. नाव न देण्याच्या अटीवर तिने त्यातील मजकूर येथे मांडण्यास संमती दिली आहे. चित्रे काढून पोट भरते काय, असा प्रश्न आपल्या घरांतून अजूनही विचारला जातो, आणि या मुलीच्या घरीही तो दोन वर्षे विचारला गेला. म्हणून ही वही जरा सविस्तर वाचण्यासारखी आहे.

तिच्या वडिलांचे पापड-मसाल्याचे दुकान आहे. हुपरीकडे जाणारे चांदीचे कारागीर, गांधीनगरच्या कापडपेठेत आलेली खेड्यापाड्यांतील माणसे, महामार्गावरून उतरलेले प्रवासी असे त्यांचे गिऱ्हाईक. आजीच्या काळापासून त्यांच्या उडदाच्या पापडाच्या पुड्यावर हिरवा मोर आहे. मोराभोवती वेलबुट्टी, वर दुकानाचे नाव तीन निरनिराळ्या वळणांच्या अक्षरांत, खाली ‘चविष्ट व रुचकर’ आणि उरलेल्या जागेत दोन फुले. दुसऱ्या वर्षी ‘परिचित वस्तूचे वेष्टन नव्याने करा’ असा प्रकल्प आला, तेव्हा तिने साहजिकच हा पुडा निवडला. पांढरा कागद, सडपातळ अक्षरे, मोर नाही, वेल नाही. वर्गात कौतुक झाले. वडिलांनी मुलीच्या हौसेखातर थोडे पुडे त्या कागदात बांधून दुकानात मांडले.

गिऱ्हाईक बाया पुडा उचलत, उलटसुलट करून पाहत आणि परत ठेवून विचारीत, “मोराचा नाही का?” आठवडाभर हेच चालले. वहीत तिने लिहिले आहे : ‘मोर काढताना मला वाटले होते की मी सजावट काढते आहे. मी दुकानाचे नावच काढून टाकले होते.’ शिक्षकांनी दिलेल्या गुणांपेक्षा हे वाक्य मला अधिक मोलाचे वाटते. पुढच्या नमुन्यात मोर परत आला, पूर्वीपेक्षा मोठा झाला आणि बाकी सगळे गेले. वजन, किंमत आणि बांधणीची तारीख चष्म्यावाचून वाचता येईल अशी झाली. आता वडिलांचा आक्षेप निराळा होता : “एवढी जागा मोकळी का सोडली? पैसे तर सगळ्या कागदाचे दिलेत.”

हा आक्षेप मला परका नाही. बँकेच्या नोकरीत छापील अर्जांशी जन्माची गाठ पडली होती. कागद भरलेला दिसला म्हणजे काम चोख, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात, भरणा करण्याची स्लिप एका रंगाची आणि पैसे काढण्याची दुसऱ्या रंगाची असली, तर अक्षरओळख नसलेला शेतकरीही चुकत नसे. ‘रु. ५००/-’ लिहिताना शेवटी जी तिरकी रेघ आणि आडवी रेघ आपण मारतो, तीही शोभेसाठी नव्हे. मागाहून कोणी पुढे शून्य चिकटवू नये म्हणून ती जागा बंद केलेली असते. व्यवहारात रेघेला आणि मोकळ्या जागेला किंमत असते, हे हिशेब लिहिणाऱ्याला चित्रकाराहून आधी कळते.

शिवाय कोल्हापूरला तर ही विद्या मुळीच नवी नाही. बाबूराव पेंटर म्हणजे बाबूराव कृष्णराव मेस्त्री (१८९०–१९५४) यांनी आपले बंधू आनंदराव यांच्यासह आधी नाटकांचे पडदे रंगविले आणि पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्यांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० सालचा. चित्रपट मुका आणि प्रेक्षक बहुतांशी निरक्षर. अशा वेळी भिंतीवर लावलेल्या एका कागदाने रस्त्याने जाणाऱ्याला थांबवायचे, गोष्टीचा रस चाखवायचा आणि तिकीट काढायला लावायचे, हे काम होते. त्यांच्या ‘कल्याण खजिना’ (१९२४) या मूकपटाचे भित्तिपत्र भारतीय चित्रपटांच्या सर्वांत जुन्या उपलब्ध भित्तिपत्रांत गणले जाते. १९२९ साली कोल्हापुरातच ‘प्रभात’ची स्थापना झाली. तुतारी फुंकणारी ती स्त्री पडद्यावर आली की पुढचे अक्षर वाचण्याची गरज उरत नसे. पुढे याच नगरीतील जी. कांबळे यांनी चित्रपटांची भव्य पोस्टरे रंगविली. म्हणून एखाद्या मुलीने या वाटेने जायचे ठरविले तर ती घराबाहेरची वाट धरते आहे, असे कोल्हापूरकराने तरी म्हणू नये.

तरीही पोटापाण्याचा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर माझ्या क्षेत्रातील दोन उदाहरणांनी देतो.

भारतीय स्टेट बँकेचे निळे वर्तुळ आपण रोज पाहतो. ते १९७१ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांनी तयार केले. एक भरीव वर्तुळ, मध्ये लहानसे गोल छिद्र आणि त्यापासून खाली गेलेली एक उभी फट. कोणाला त्यात कुलपाचे भोक दिसते, कोणाला कोणते तळे. मला त्यातील काटकसर दिसते. चेकच्या कोपऱ्यात नखाएवढे छापा किंवा इमारतीवर दहा फुटांचे लावा, ते तसेच वाचले जाते. पन्नास वर्षे उलटली. बँकेत किती बँका विलीन झाल्या, यंत्रे आली, मोबाइल आले, पण ते वर्तुळ टिकले. एवढा काळ नफा देणारी गुंतवणूक मी माझ्या कारकिर्दीत फारशी पाहिली नाही.

दुसरे उदाहरण आपल्या रुपयाचे. डॉलर, पौंड, येन यांना स्वतःचे चिन्ह होते. आपण मात्र ‘रु.’ लिहीत होतो आणि रुपया हेच नाव पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका यांच्याही चलनाला असल्याने परदेशी व्यवहारात घोटाळ्याला जागा राही. २००९ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने खुली स्पर्धा जाहीर केली. ३,०००हून अधिक नमुने आले, त्यातून पाच निवडले गेले आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यातील एकावर शिक्कामोर्तब केले. ते करणारे उदयकुमार धर्मलिंगम हे पवईच्या आय.आय.टी.मधील औद्योगिक डिझाइन केंद्रात दृश्यसंवाद शिकलेले आणि तेथेच संशोधन करणारे विद्यार्थी. देवनागरी ‘र’ घेतला, तोच रोमन ‘आर’चा उभा दांडा काढल्यावर उरणाऱ्या आकाराशी जुळवला, शिरोरेघ ठेवली आणि तिच्याखाली आणखी एक समांतर रेघ मारली. बक्षीस अडीच लाखांचे होते. पण आज आपल्या प्रत्येक बिलावर, प्रत्येक पावतीवर, प्रत्येक नोटेवर एका विद्यार्थ्याच्या हातची ती आकृती आहे.

याच केंद्रात पूर्वी र. कृ. जोशी शिकवीत असत. जाहिरातीच्या व्यवसायात अनेक वर्षे काढून ते अध्यापनाकडे वळले आणि पुढे संगणकासाठी त्यांनी ‘मंगल’ हा देवनागरी टंक घडविला. आपल्यापैकी ज्यांनी विंडोजवर कधी मराठी पत्र टंकित केले असेल, त्यांनी जोशी सरांच्या अक्षरांत लिहिले आहे. नाव बहुतेकांना ठाऊक नसते, एवढेच.

ज्या पालकांना या शिक्षणाची माहिती हवी असेल त्यांच्यासाठी थोडक्यात : आय.आय.टी.मधील पदवीसाठी ‘यूसीड’, राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी तिची स्वतंत्र अभिवृत्ती परीक्षा आणि महाराष्ट्रातील कला महाविद्यालयांच्या उपयोजित कलेच्या पदवीसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा असते. कोल्हापुरातच राहून शिकायचे तर कलानिकेतन आणि दळवीज आर्ट्स या जुन्या संस्था आहेत. खासगी संस्थांची फी पुष्कळ असते. शैक्षणिक कर्ज मिळते, पण कर्ज काढण्यापूर्वी तेथील मागील विद्यार्थ्यांची कामे स्वतः जाऊन पाहावीत. माहितीपत्रकाचा कागद किती गुळगुळीत आहे, यावरून संस्था ठरवू नये.

आता तिच्या चालू प्रकल्पाकडे येतो. तो आपल्या सर्वांच्या स्वयंपाकघराचा आहे.

पाकीटबंद खाद्यपदार्थांवर हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका आणि तपकिरी चौकटीतील तपकिरी ठिपका ही चिन्हे २००१ पासून सक्तीची झाली. आपल्या समाजाला त्या ठिपक्याने केवढा दिलासा दिला, हे सांगायला नको. प्रवासात, परगावी, मुलाच्या हातातील बिस्किटाच्या पुड्यावर आपली नजर आधी तोच शोधते. पण त्या जोडीत एक दोष होता. ज्यांना रंगांधत्व असते, त्यांना हिरवा आणि तपकिरी यांतील फरक कळत नाही. आकार दोन्हींचा एकच. म्हणजे ज्या चिन्हावर एखाद्याचे व्रत अवलंबून आहे, तेच त्याला दगा देऊ शकत होते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी मांसाहाराच्या ठिपक्याऐवजी तपकिरी त्रिकोण आणला. आता रंग दिसला नाही तरी कोन दिसतो. आपल्या नोटांवर हा विचार त्याआधीच झालेला आहे : शंभराच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण आणि पाचशेच्या नोटेवर वर्तुळ असते, ते अंध व्यक्तीला बोटाने ओळखता यावे म्हणून.

परंतु हिरवा ठिपका आपल्याला हवे ते सगळे सांगतो काय? नियमातील मांसाहाराच्या व्याख्येतून दूध वगळले आहे, ते ठीक. पण मध आणि लाखेपासून केलेले शेलॅकही वगळले आहे. म्हणजे मधाच्या बाटलीवर हिरवा ठिपका असतो, आणि आपल्या घरांत मध वर्ज्य आहे. कांदा, लसूण, बटाटा यांच्याबद्दल तर ठिपका काहीच बोलत नाही; तसे ते त्याचे कामही नव्हे. म्हणून घटकपदार्थांची बारीक अक्षरांतील यादी वाचत बसावे लागते. ‘मसाले’ एवढाच शब्द छापलेला असला, की त्यात लसणाची पूड आहे की नाही, हे दुकानदारालाही सांगता येत नाही.

या मुलीने प्रकल्प घेतला तो याच गरजेवर : कंदमूळ नसलेल्या पदार्थासाठी एक चिन्ह. ऐकायला सोपे वाटते. वहीतील सर्वांत जास्त पाने याच प्रकल्पाने खाल्ली आहेत.

पहिला नमुना म्हणजे बटाट्यावर फुली. मंदिरातून दर्शन घेऊन बाहेर पडणाऱ्यांना तिने तो दाखविला. पुष्कळांनी पुडा दूर सारला. डोळ्याला आधी बटाटा दिसतो, फुली नंतर दिसते. आणि लहान आकारात छापले की फुली ही बटाट्यावरची रेघ वाटते. चित्रात ‘आहे’ म्हणणे सोपे आणि ‘नाही’ म्हणणे फार कठीण, असे तिने त्या दिवशीच्या पानावर नोंदविले आहे.

दुसऱ्या नमुन्यात जमिनीची एक रेघ, तिच्यावर हिरवे पान आणि रेघेखाली काहीच नाही. कल्पना सुरेख होती. तिच्या आजीने मात्र एका वाक्यात ती मोडली : “चातुर्मासात पालेभाजी सोडणाऱ्या बाईने हे पान बघून काय समजायचे?” शिवाय शेंगदाणा जमिनीखाली होतो, पण तो कंदमूळ नव्हे, मग रेघेखाली काही नाही, असे म्हणणारे चिन्ह शेंगदाण्याच्या चटणीवर कसे लावणार? आजीने चित्रकलेची एकही परीक्षा दिलेली नाही. पण आपल्या आहाराचे शास्त्र तिला पाठ आहे. शिक्षकांना सुचले नसते असे दोन्ही प्रश्न तिने विचारले.

मग हळदीचा प्रश्न उभा राहिला. हळद आणि आले ही कंदच. पण वाळलेली हळद आणि सुंठ बहुतेक घरांत चालते. बटाट्याचे काप उन्हात वाळवले म्हणून ते मात्र चालत नाहीत. कोणी लसूण-कांदा टाळतात पण गाजराला हरकत घेत नाहीत, कोणी सर्व कंद वर्ज्य मानतात. हळद घातलेल्या मसाल्यावर ‘कंदमूळविरहित’ छापावे, तर शब्दशः ते खोटे. न छापावे, तर आपल्या घरातला एकही मसाला त्यात बसत नाही. चिन्ह काढायला बसलेल्या मुलीला आधी व्याख्या करावी लागली, आणि त्यासाठी ती पाठशाळेच्या शिक्षिकांकडे तीन वेळा गेली.

तिसऱ्या नमुन्यात तिने चित्र सोडून दिले आणि ‘जैन’ एवढा शब्द वर्तुळात घातला. व्यापारी असाच शब्द वापरतात. उपाहारगृहांच्या यादीतही तो असतो. पण आमच्या भागातील माल निपाणी-बेळगावकडे जातो, गुजरातकडे जातो. कोणत्या लिपीत लिहायचे? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या शब्दामागे कोण उभे आहे? हिरव्या ठिपक्यामागे कायदा आहे. चुकीचा छापला तर दंड होतो. ‘जैन’ हा शब्द कोणीही छापू शकतो, कारण कंदमुळांबाबत शासनाने ठरवून दिलेले असे चिन्ह नाही. ज्या कढईत सकाळी बटाट्याचे काप तळले, तिच्यातच दुपारी ‘जैन चिवडा’ तळला गेला, तर पुड्यावरील शब्द खरा की खोटा? बँकेच्या भाषेत सांगायचे, तर खात्यात शिल्लक आहे की नाही हे न पाहता फाडलेला तो चेक आहे.

ही शंका तिने मला विचारली तेव्हा मी तिला समाजाच्या प्रतीकचिन्हाची आठवण दिली. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने १९७५ मध्ये सर्व संप्रदायांनी मिळून एक चिन्ह मान्य केले. त्रिलोकाची बाह्याकृती, आत स्वस्तिक, त्यावर रत्नत्रयाचे तीन बिंदू, सर्वांत वर सिद्धशिलेची चंद्रकोर, खाली अभय देणारा हात आणि तळाशी तत्त्वार्थसूत्रातील सूत्र. पूजेच्या पद्धतींत, आचारात, तिथींत मतभेद असलेल्या मंडळींनी एका आकृतीवर संमती दिली, ही लहान गोष्ट नव्हे. ते चिन्ह आज मंदिरावर, पत्रिकेवर, गाडीच्या काचेवर दिसते आणि कोणीही त्याचा अर्थ विचारत नाही. आपल्या पुड्यांवरील चिन्हासाठी अशी संमती मिळविणे अशक्य आहे, असे मला वाटत नाही. फक्त ते काम एका विद्यार्थिनीच्या वहीत पूर्ण होणारे नाही. व्याख्या पंडितांनी करावी, कारखान्याची तपासणी कोणीतरी जबाबदारीने करावी आणि आकृती या मुलीसारख्यांनी काढावी. या तीन कामांपैकी आपण बहुधा तिसरेच आधी उरकतो आणि तेही छापखान्यातल्या माणसाकडून, उद्या पत्रिका हवी म्हणून.

तिचा चौथा नमुना सध्या टेबलावर आहे. यात हिरव्या ठिपक्याच्या चौकटीशेजारी तेवढ्याच मापाची दुसरी चौकट आहे. हिरवा ठिपका लहानात लहान पुड्यावरही ३ मिलिमीटर व्यासाचा असावा लागतो, म्हणून तिने आपली आकृतीही त्याच मापात वाचता येते की नाही हे तपासले. चौकटीत तीन बिंदू आणि एक आडवी रेघ आहे. रंग काळाही चालतो, म्हणजे स्वस्त छपाईतही ते बिघडत नाही. आकार निराळा असल्याने रंग न ओळखणाऱ्यालाही ते कळते. रत्नत्रयाचे बिंदू खाण्याच्या पुड्यावर, जो पुढे कचऱ्यात जाणार, त्यावर छापावेत काय, असा आक्षेप तिच्या वडिलांनी घेतला आहे आणि मला तो रास्त वाटतो. ती त्यावर विचार करीत आहे.

दशलक्षण पर्वात ती हे नमुने घेऊन उचगाव आणि कोल्हापुरातील मंदिरांतून बसणार आहे. सोबत एक प्रश्नावली आहे : हे चिन्ह पाहून आपणास काय वाटले? हा पुडा आपण घ्याल काय? हळद चालते काय? शेवटचा प्रश्न व्यापाऱ्यांसाठी आहे : हे चिन्ह लावण्यापूर्वी आपल्या कारखान्याची तपासणी कोणी करावी, असे आपणास वाटते? तिने स्वतःच्या वडिलांकडून पहिली प्रत भरून घेतली. त्यांनी बाकी सर्व उत्तरे लिहिली आणि त्या रकान्यात अजून काही लिहिलेले नाही.